कमी खाणारा पंखा

सुई पुन्हा ऐंशीवर आली होती.

भिलाईजवळ, जामुलच्या बाजूला एक रोलिंग मिल आहे. तिथल्या मोटर कंट्रोल रूममध्ये, म्हणजे सगळ्या मोटरींचे स्विच आणि मीटर ज्या खोलीत असतात तिथे, आम्ही तिघं एका ॲमीटरसमोर उभे होतो. मोटर किती करंट घेते ते ॲमीटर दाखवतो. सुई जितकी वर, तितकी वीज जास्त. आमची नवी पाती पंख्याला बसवली त्या दिवशी ही सुई साठच्या घरात उतरली होती आणि मी स्वतः जाऊन पेढे आणले होते. आता ती निमूटपणे जुन्या जागी जाऊन बसली होती.

"काय मॅडम," मिलचे मेंटेनन्स हेड राहांगडाले साहेब म्हणाले, "पेढे त आम्ही खाऊन टाकले. आता काय करायचं?"

मी काही बोलणार तेवढ्यात माझं लक्ष मधुभाऊंकडे गेलं. ते मीटरच्या काचेवर बोटाने टिचकी मारत होते. सुई अडकली असेल आणि टिचकीने खाली येईल, अशी त्यांना आशा होती. सुई हलली नाही.

मधुभाऊ बोरकर माझे मालक. मालक हा शब्द त्यांना शोभत नाही, पण पगार तेच द्यायचे. त्यांचे वडील भंडाऱ्याकडची शेती सोडून भिलाईला कारखान्यात लागले. मधुभाऊ पॅटर्नमेकर होते. लोखंड ओतण्याआधी त्या वस्तूचा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो, तो करणारा तो पॅटर्नमेकर. पुढे त्यांनी नोकरी सोडली आणि इंडस्ट्रियल एरियात एक शेड घेऊन फायबरची पाती बनवायला सुरुवात केली. मी दुर्गची, मेकॅनिकल इंजिनीअर. आधीची कंपनी बंद पडल्यावर त्यांच्याकडे डिझाइन बघायला आले ती तिथेच राहिले. माझं डोकं लवकर तापतं आणि मधुभाऊंचं तापतच नाही, त्यामुळे आमचं बरं चाललं होतं.

आमचा पंखा घरातल्यासारखा नव्हे. मिलमध्ये लोखंड लाटताना रोलर तापतात, त्यांच्यावर सतत पाणी सोडतात. ते गरम झालेलं पाणी कूलिंग टॉवरमध्ये वरून खाली पाडतात आणि टॉवरच्या माथ्यावरचा पंखा खालून हवा ओढून ते थंड करतो. पंखा एवढा मोठा असतो की त्याच्या पात्यांमध्ये माणसाला सहज आडवं झोपता येईल. तो चोवीस तास चालतो. टॉवरच्या वीजबिलाचा मोठा हिस्सा हा एकटा पंखा खातो.

जुनी पाती ॲल्युमिनियमची होती. बुडापासून टोकापर्यंत एकाच रुंदीची, एकाच तिरपेपणाची, एखाद्या फळीसारखी सरळ. आता पात्याचं टोक फार वेगाने फिरतं आणि बूड सावकाश फिरतं. दोन्हीकडे तिरपेपणा सारखाच ठेवला तर कुठे तरी हवा नीट कापली जात नाही, नुसती घुसळली जाते. ती घुसळण म्हणजे वाया गेलेली वीज. म्हणून आम्ही पात्याला पीळ दिला. बुडाशी ते जास्त तिरपं, टोकाकडे जवळजवळ सपाट. पुढची कड गोल, मागची कड सुरीसारखी पातळ. हवा पात्याच्या पाठीला चिकटून सुरळीत निघून जावी, एवढाच त्यामागचा उद्देश. तेवढीच हवा, कमी वीज.

हे लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात मी कॉम्प्युटरवर एकेका जागेचा आकार काढायचे, कागदावर छापून द्यायचे. मधुभाऊ त्यावरून लाकूड तासायचे, मग त्या लाकडावरून साचा निघायचा. तासलेल्या लाकडावर तळहात फिरवून ते म्हणायचे, "ताई, अठी पोट हाये." मी म्हणायचे, इथे फुगवटा नाही, असंच पाहिजे. कधी त्यांचं खरं निघायचं, कधी माझं. किती लाकडं आम्ही बिघडवली त्याचा हिशोब कोणी ठेवला नाही. शेवटी एक पातं असं निघालं की त्यात दोघांनाही खोट काढता आली नाही.

मिलबरोबर ठरलं ते असं. एका टॉवरवर आमची पाती बसवायची. काही महिने चालवायची. मग हेड ऑफिसची माणसं येऊन मोजणार. वीज खरोखर वाचली तर मिलच्या सगळ्या टॉवरचं काम आम्हाला. नाही वाचली तर पाती काढून न्यायची. बाहेरच्या मोठ्या कंपन्यांनी आमची फुटकळ कामं केव्हाच पळवली होती. हे काम मिळालं तर शेड चालणार, नाही तर शटर ओढायचं, हे मला, मधुभाऊंना आणि रेझिन लावून लावून हात खरखरीत झालेल्या आमच्या कामगारांनाही माहीत होतं.

आणि सुई ऐंशीवर होती.

पंखा थांबवून आम्ही वर चढलो. प्रत्येक पातं मध्यभागी हबला क्लँपने आवळलेलं असतं. क्लँप ढिला केला की पातं फिरवून त्याचा अँगल कमीजास्त करता येतो. मी अँगल मोजला. आम्ही ठेवला होता त्यापेक्षा बराच जास्त होता. मधुभाऊंचा चेहरा पांढराफटक पडला.

"क्लँप सरकला," ते म्हणाले. "ताई, माहा क्लँप सरकून राहिला."

क्लँप सरकतो याचा अर्थ पातं घट्ट धरलेलं नाही. आज सरकलं ते उद्या सुटेल. एवढ्या वेगाने सुटलेलं पातं टॉवरची लाकडी भिंत फोडून बाहेर जातं आणि खाली माणसं असतात. मधुभाऊंनी त्या दिवशी पंखा चालू करू दिला नाही. शेडवर येऊन त्यांनी सगळे क्लँप नव्याने केले, आतून दाते पाडले, जाड बोल्ट घातले. जेवण मागवायचे आणि तसंच झाकून ठेवायचे. मी म्हटलं, चूक असेल तर सापडेल. ते म्हणाले, "मी लोकायच्या डोक्यावर मौत फिरवत होतो अन् तू मले पेढे चारून राहिली."

नवे क्लँप बसले. सुई साठवर उतरली. मी या वेळी पेढे आणले नाहीत. प्रत्येक क्लँपपासून पात्यापर्यंत मी पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ मात्र ओढली, म्हणजे पातं केसभर जरी फिरलं तरी रेघ तुटलेली दिसेल.

थोडे दिवस गेले आणि राहांगडालेंचा फोन आला. सुई ऐंशी.

मी वर चढले. रेघा तुटल्या होत्या. पण सगळ्या सारख्याच तुटल्या होत्या. हे बघून मी तिथेच हबवर बसले. क्लँप सरकतो तेव्हा एक जास्त सरकतो, एक कमी सरकतो, एखादा सरकतच नाही. इथे एकूण एक पातं सारखंच फिरलं होतं. कोणीतरी मापाने, शांतपणे, नीट हात लावून ते फिरवलं होतं. आपलं काम कोणी बिघडवतंय हे कळल्यावर जो संताप येतो तो घेऊन मी शिडी उतरले आणि पंप हाउसच्या केबिनमध्ये गेले. केबिनमध्ये साहू होता.

साहू मिलच्या ठेकेदाराचा माणूस. पंप आणि टॉवर कित्येक वर्षं त्याच्याच हाताखाली. गळ्यात गमछा, खिशात पाना, पाण्याचा आवाज बदलला तरी उठून बघणारा. मी विचारलं, "पंखे का अँगल किसने छेड़ा?"

"हमीं किए हैं मैडम," तो म्हणाला. लपवाछपवी नाही, ओशाळेपणा नाही. "सुई नीचे बैठ जाती थी ना. रोल बदलने के टाइम मिल बंद रहती है, तब चढ़ के उठा देते हैं. आप लोगों को बार-बार तकलीफ क्यों देना."

"पिछली बार भी?"

"हाँ. उस टाइम भी."

मग त्याने मला मोटर कंट्रोल रूममध्ये नेलं आणि मी इतके दिवस बघूनही न बघितलेली गोष्ट दाखवली. प्रत्येक मीटरच्या काचेवर नेलपॉलिशची एक लाल खूण होती. पंपांच्या, पंख्यांच्या, सगळ्यांच्या. सुई खुणेवर असली की मशीनची तब्येत ठीक. विश्वकर्मा पूजेला मशीन धुऊन पुसून हार घालतात, तेव्हा या खुणाही नव्याने लावतात. ही पद्धत वेडगळपणातून आलेली नव्हती. पूर्वी एकदा जुन्या पंख्याचं पातं तुटून टॉवरमध्ये पडलं होतं. हवा कमी झाली, सुई खाली आली, आणि त्या शिफ्टच्या माणसाने तिकडे बघितलंच नाही. पाणी तापलं, रोलर गेले, मिल बंद पडली. त्या माणसाला दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवलं. तेव्हापासून सुई खाली म्हणजे संकट, हे प्रत्येकाच्या अंगात मुरलेलं होतं. आम्ही मात्र सुई खाली आणणारा पंखा घेऊन आलो होतो, आणि सांगितलं ते फक्त साहेबांना.

मी साहूला बरंच बोलले. आवाज चढवून बोलले. मधुभाऊ मागून आले, त्यांनी सगळं ऐकलं आणि ते हसायला लागले. डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू.

"म्हंजे माहा क्लँप चांगला हाये!" ते म्हणाले. "अरे साहू, तूने तो मेरी जान बचा दी रे."

नंतर मी साहूला समजावलं. दुर्गच्या बसमध्ये खिडकीतून हात बाहेर काढ. हात थोडा तिरपा धरला तर वारा तो वर उचलतो. आणखी तिरपा केला तर उचलणं थांबतं आणि हात नुसता मागे ढकलला जातो, खांदा दुखायला लागतो. पात्याचंही तसंच आहे. प्रमाणाबाहेर अँगल दिला की हवा पाठीवरून सुटते. याला आम्ही स्टॉल म्हणतो. मग पंखा करंट जास्त खातो, हवा कमी देतो आणि थरथरतो. साहूने खरंच हात तिरपा धरून बघितला. म्हणाला, समझ गया.

राहांगडाले साहेबांना पटायला जास्त वेळ लागला.

"मॅडम, मले समजलं," ते म्हणाले. "पण तीन शिफ्टच्या लोकायले मी काय सांगू? सुई खाली आली त घाबरू नका? उद्या खरंच पातं तुटलं अन् सुई खाली आली, मंग?"

"साठवर नवीन खूण लावू. साठच्या खाली आली तर घाबरा."

"अन् कोणी पुन्हा हात लावला त?"

"तर तुम्ही नियम करा. परवाना घेतल्याशिवाय पंख्यावर कोणी चढायचं नाही."

मीच आग्रह धरला. राहांगडाले कडक माणूस. त्यांनी नोटीस बोर्डावर लावली आणि ठेकेदाराच्या सगळ्या माणसांना उभं करून सांगितलं की परवान्याशिवाय जो पंख्याला हात लावेल त्याचा गेटपास त्याच दिवशी जमा. मला तेव्हा फार बरं वाटलं.

त्यानंतरचे महिने चांगले गेले, एवढं मी प्रामाणिकपणे सांगते. अँगल पुन्हा उतरवून, जुनी खूण खरवडून आम्ही साठवर नवी लावली. सुई तिथेच राहिली. पाणी पूर्वीइतकंच थंड. मधुभाऊ कारण नसताना मिलमध्ये जायला लागले. साहूच्या केबिनमध्ये बसून चहा प्यायचे, दोघं मिळून पंख्याचा आवाज ऐकायचे. साहू दुसऱ्या शिफ्टच्या माणसांना सांगायचा, "ये भाऊ का पंखा है, कम खाता है." सगळ्या टॉवरची पाती करायची तर शेडमध्ये दुसरा साचा कुठे मांडायचा, ते मधुभाऊंनी खडूने जमिनीवर आखून ठेवलं होतं.

मग हेड ऑफिसची तारीख आली.

आपल्याकडे साहेब येणार म्हटल्यावर कारखान्यात काय होतं ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. रस्त्याच्या कडेच्या दगडांना चुना लागतो. कुंड्या येतात, त्याही भाड्याने. गळणारे पाइप चिंध्या बांधून वरून रंगवतात. बंद पडलेलं मशीन त्या दिवसापुरतं तरी फिरलंच पाहिजे. हे करताना कोणाच्या मनात फसवणूक नसते. पाहुण्यांसमोर घर चांगलं दिसावं, तितकीच ती भावना.

आदल्या दिवशी दुपारी मी स्वतः वर चढून अँगल मोजला होता. सगळं बरोबर. रेघा जुळलेल्या. मी खाली येऊन मधुभाऊंना अंगठा दाखवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा साहू टॉवरपाशी वाट बघत उभा होता. धुतलेला शर्ट, कपाळाला टिळा. मधुभाऊंचा हात त्याने दोन्ही हातांत धरला.

"भाऊ, आज देखना," तो म्हणाला. "एकदम टाइट है. साहब लोगों के सामने पंखा कमजोर नहीं दिखना चाहिए."

मधुभाऊ हसले. मग त्यांचं हसू थांबलं. टाइट म्हणजे काय, हे आम्हाला दोघांनाही एकदमच कळलं. मी वर बघितलं. टॉवर जोरात चालू होता आणि त्याचा आवाज आमच्या ओळखीचा नव्हता. त्यात एक घरघर होती.

मी पळतच कंट्रोल रूममध्ये गेले. सुई ऐंशीच्याही वर होती. साठवरची आमची खूण मीटरवर तशीच होती. साहूला साठ माहीत होतं. बसच्या खिडकीतला हातही त्याला कळला होता. पण ते रोजच्या दिवसांसाठी होतं. आज भाऊंची परीक्षा होती, आणि परीक्षेच्या दिवशी कमी खाणारा पंखा दाखवायचा ही कल्पनाच त्याला सहन होईना. पहाटे रोलर बदलायला मिल थांबली, तेव्हा परवान्याचा विचारही न करता तो एकटाच वर चढला होता.

पंखा बंद करून अँगल उतरवायला वेळ हवा होता आणि वेळ नव्हता. हेड ऑफिसचे दोन साहेब राहांगडालेंबरोबर येऊन पोचले होते. त्यांनी मीटर बघितला. त्यांच्यापैकी एकाने वर जाऊन हवेचा वेग मोजला आणि खाली येऊन भुवया उंचावल्या. हवा जुन्या पंख्यापेक्षा कमी होती. करंट जुन्या पंख्यापेक्षा जास्त. ते हे एकमेकांना सांगत असतानाच टॉवर थरथरायला लागला आणि व्हायब्रेशन स्विच पडला. थरथर मर्यादेपलीकडे गेली की पंखा आपोआप बंद करणारी ती सोय असते. सगळ्यांसमोर आमचा पंखा हळूहळू फिरत थांबला.

"तुमीच पाहा वर जाऊन," राहांगडाले मला म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, लाज होती. आमची शिफारस त्यांनीच केली होती.

मी वर गेले. अँगल मोजायची गरज नव्हती तरी मोजला. सगळी पाती सारखीच फिरवलेली, बोल्ट नीट आवळलेले. काम करावं तर असं, इतकं ते स्वच्छ होतं. मला तिथे बसून रडावंसं वाटलं. मी खाली उतरले आणि काय बोलायचं ते ठरवत चालत आले. ठरवण्यासारखं फारसं नव्हतंच. अँगल बदललाय, पंखा अर्धा तास थांबवा, मी बरोबर करते, पुन्हा मोजा. एवढंच बोलायचं होतं.

"काय निघालं?" राहांगडालेंनी विचारलं. "अँगल बरोबर हाये ना?"

मी तोंड उघडलं, आणि माझ्या आधी मधुभाऊ बोलले.

"बरोबर हाये साहेब. अँगल बरोबर हाये. माहं डिझाइनच नाई चाललं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

वाचकांना हे कोडं वाटू नये म्हणून सांगते. अँगल बदललाय म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता, कसा? दोनच उत्तरं होती. एक, क्लँप सरकला. म्हणजे पाती धोकादायक, आणि तशी पाती कोणी विकत घेत नाही. दुसरं, कोणीतरी वर चढलं. पहाटेच्या शिफ्टला टॉवरवर एकच माणूस होता आणि नोटीस अजून बोर्डावर होती. गेटपास त्याच दिवशी जमा. साहू आमच्यापासून हाताच्या अंतरावर उभा होता, टिळा लावलेला, आणि पंखा का थांबला ते त्याला कळत नव्हतं. मधुभाऊंनी तिसरं उत्तर दिलं. ते खोटं होतं आणि त्याने फक्त त्यांचंच नुकसान होणार होतं.

साहेबांना स्वतः मोजलेलंच धरायचं होतं, त्यांनी घड्याळ बघितलं. त्यांना रायपूरहून विमान होतं.

परतताना व्हॅनमध्ये मी मधुभाऊंवर ओरडले. आयुष्यात इतकी कोणावर ओरडले नसेन. म्हटलं, तुमची वर्षं गेली यात. माझी गेली. शेडवर माणसं वाट बघतायत, त्यांना काय सांगणार? एका माणसाच्या मूर्खपणासाठी?

"मूर्खपणा काहून म्हणते?" ते म्हणाले. "त्यानं माह्यासाठीच केलं ना."

"म्हणून काय झालं?"

"ताई, त्याचं वय पाह्यलं का तू? त्याचा गेटपास गेला त त्याले आता कोण ठेवते? ठेकेदार लोकं एकमेकायले फोन करून सांगतेत. भिलाईत कुठंच काम नाई भेटत मंग." त्यांनी मांडीवरचे हात उलटून बघितले. "मले त निदान सुतारकाम येते."

"मी सांगते राहांगडालेंना. माझं तोंड तुम्ही बंद करू शकत नाही."

"सांग ना. पण मंग मी म्हणीन, ताई खोटं बोलून राहिली."

आणि ते खरंच तसं म्हणाले असते. भिलाईतल्या कोहक्याला त्यांच्या घरापाशी मी गाडी थांबवली. उतरताना त्यांनी दाराच्या हँडलवर हात ठेवून म्हटलं, "पातं चांगलं होतं ना ताई?" मी म्हटलं, हो.

मी राहांगडालेंकडे गेले नाही. का गेले नाही, याचं उत्तर माझ्याजवळ आजही धड नाही. कधी वाटतं मधुभाऊंचा मान राखला. कधी वाटतं, थकले होते. नंतर मिलने आमची पाती उतरवून ठेवली आणि टॉवरवर पुन्हा ॲल्युमिनियमची सरळ पाती चढवली.

पाती परत आणली त्या आठवड्यात साहू शेडवर आला. सुट्टीच्या दिवशी, सायकलवर. घरून डब्यात ठेठरी, म्हणजे बेसनाची छत्तीसगढी कडबोळी, आणली होती. मधुभाऊंनी त्याला खुर्ची दिली आणि स्वतः रेझिनच्या ड्रमवर बसले. साहू बराच वेळ साच्यांकडे बघत राहिला.

"भाऊ, दिल छोटा मत करो," तो शेवटी म्हणाला. "मैंने तो अपनी तरफ से पूरा लगा दिया था. सुबह-सुबह चढ़ के एक-एक को उठाया. पर पंखे में ही दम नहीं था शायद."

मी कोपऱ्यात उभी होते. माझ्या हातात ब्रश होता.

"हाँ साहू," मधुभाऊ म्हणाले. "पंखे में ही कमी रह गई. तूने तो बहुत किया." आणि त्यांनी ठेठरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला. मी बाहेर जाऊन नळ सोडला आणि हात धूत उभी राहिले. हात स्वच्छच होते.

शेड बंद झाली. कामगार इकडेतिकडे लागले, काहींना काही मिळालं नाही. लोखंडी रॅक, ड्रिल मशीन, वजनकाटा सगळं विकलं गेलं. पाती आणि साचे मात्र भंगारवाल्यानेही घेतले नाहीत. फायबर वितळत नाही, त्याचं पुढे काही होत नाही. त्याने एक पातं उचलून बघितलं, इतक्या मोठ्या वस्तूचं वजन इतकं कमी कसं याचं त्याला नवल वाटलं, आणि त्याने ते परत ठेवलं. मधुभाऊ आता घरी देव्हारे बनवतात. त्यांच्या देव्हाऱ्याला कोहक्यात चांगली मागणी आहे. मी गेले की ते चहा देतात आणि पंख्याचा विषय काढत नाहीत.

मी रायपूरच्या एका कंपनीत आहे. आम्ही ॲल्युमिनियमची सरळ पाती विकतो. माझ्या ड्रॉवरमध्ये कमी वीज खाणाऱ्या पात्याची ड्रॉइंग आहेत, ती कोणी मागितलेली नाहीत. या व्यवसायात नव्याने येणाऱ्यांना मी एकच सांगते. पातं सुधारायच्या आधी ते चालवणारा माणूस त्याची ताकद कशावरून ओळखतो ते विचारून या, आणि उत्तर आवडलं नाही तर सुधारायच्या भानगडीत पडू नका. ऐकणारे हसतात. त्यांना वाटतं मी विनोद करते.

आमचे पंखे भरपूर वीज खातात. सुई दिवसरात्र वर असते, गिऱ्हाईक खूश असतं. मी इथे लागल्यापासून एकही तक्रार आलेली नाही.